निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्याची पारख आणि जपणूक

पांढऱ्याशुभ्र मातीच्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने नक्षी काढायची, तिच्यावर पारदर्शक झिलई चढवायची आणि मग ते भाजायचे, ही निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्याची रीत. चीनच्या जिआंग्शी प्रांतातले जिंगदेझेन हे या कामाचे मुख्य गाव. तिथे केओलिन ही पांढरी माती आणि कुटून बारीक केलेला एक विशिष्ट दगड एकत्र मळत आणि भट्टीची उष्णता सुमारे १,३०० अंश सेल्सियसपर्यंत नेत. इतक्या उष्णतेत मातीचे कण वितळून एकमेकांत मुरतात, भांडे काचेसारखे घट्ट होते आणि पाणी पीत नाही. १४व्या शतकात, युआन राजवटीत, या कलेला पूर्ण रूप आले. उत्तम कोबाल्ट तेव्हा इराणकडून येत असे. पुढे मिंग आणि छिंग राजवटींत हा माल जपानपासून पोर्तुगालपर्यंत पोचला.

या भांड्याचा रंग झिलईच्या खाली असतो. पारख आणि जपणूक दोन्ही या एका गोष्टीवर उभ्या आहेत. झिलईवर चढवलेले लाल, हिरवे, सोनेरी रंग समुद्राच्या पाण्यात आणि वाळूच्या घासण्यात हळूहळू निघून जातात. झिलईखालचा निळा मात्र दोन-तीनशे वर्षे समुद्रतळावर राहूनही टवटवीत निघतो. बुडालेल्या जहाजांतून वर आलेल्या मालात निळी-पांढरी भांडी इतकी का दिसतात, याचे एक कारण हे. दुसरे कारण जहाज भरण्याच्या पद्धतीत आहे. चहा आणि रेशीम पाण्याने नासते, चिनी भांड्याला पाण्याची भीती नाही आणि ते वजनदार असते. त्यामुळे त्याच्या पेट्या तळाशी रचत आणि चहा वर ठेवत. भांडी विकाऊ मालही होती आणि जहाजाचे तळवजनही.

'गेल्डरमाल्सन' हे डच जहाज असेच भरून कँटनहून निघाले आणि १७५२च्या जानेवारीत दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटून बुडाले. १९८५मध्ये त्यातला माल वर काढला गेला आणि १९८६मध्ये ॲमस्टरडॅमला 'नानकिंग कार्गो' या नावाने दीड लाखांच्या आसपास भांडी लिलावात गेली. भांडी जगभर पोचली. पण कोणती पेटी कुठे होती, कशावर काय रचले होते, याची पद्धतशीर नोंद झाली नाही आणि ते ज्ञान कायमचे गेले. पुरातत्त्वज्ञांनी या लिलावावर कडक टीका केली ती याच कारणाने. पाण्याखालच्या वारशाचा व्यापारी वापर होऊ नये, हे तत्त्व पुढे युनेस्कोच्या २००१च्या करारात आले.

हा माल केवळ युरोपला जात नव्हता, भारतातही उतरत होता. 'डायना' हे जहाज कँटनहून मद्रासकडे येत असताना १८१७मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत बुडाले. १९९३-९४मध्ये त्यातून वीस हजारांहून अधिक निळी-पांढरी भांडी निघाली. दरबारी नजाकतीच्या वस्तू त्यात कमी होत्या. रोजच्या जेवणाच्या थाळ्या आणि जाडसर वाडगे भरपूर होते. भारतीय बाजारात काय खपत होते ते त्यातून कळते. एखाद्या घरातला ओबडधोबड नक्षीचा जाड वाडगा 'हलका माल' म्हणून बाजूला टाकण्याआधी हे उदाहरण आठवावे.

कोकणची बाजू

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वैभववाडी तालुक्याला समुद्र नाही. पण करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याचा हा मुलूख बंदरे आणि घाटमाथा यांच्या मधोमध आहे. तरळ्याच्या वाटेने खारेपाटण जवळ आणि खारेपाटणची खाडी विजयदुर्गाला समुद्राला मिळते. शिलाहार राजा रट्टराज याच्या इ.स. १००८च्या खारेपाटण ताम्रपटात परद्वीपांहून येणाऱ्या जहाजांकडून घ्यायच्या सोन्याच्या कराची नोंद आहे. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा काळ त्यानंतर तीन-साडेतीनशे वर्षांनी आला. परदेशी माल खाडीत उतरण्याची आणि घाट चढण्याची सवय मात्र या भागाला त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

१५१०मध्ये गोवा आणि १५११मध्ये मलाक्का पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५५७च्या सुमारास ते मकावमध्ये स्थिरावले आणि चीनपासून मांडवी नदीच्या मुखापर्यंत एक सलग सागरी वाट तयार झाली. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. चिनी भांडी युरोपला सर्वाधिक नेणाऱ्यांत हीच डच कंपनी होती. उत्तरेकडे चौल-रेवदंड्याच्या जुन्या बंदराच्या परिसरातही चिनी भांड्यांची खापरे मिळाली आहेत.

बुडालेल्या जहाजाचे अभ्यासलेले उदाहरण सिंधुदुर्गाच्या शेजारीच, गोव्यात मुरगावजवळच्या सुंची खडकावर आहे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७-९८मध्ये तिथे पाण्याखाली उत्खनन केले. चिनी भांड्यांची खापरे, मोठ्या मर्तबान रांजणांचे तुकडे, लोखंडी तोफा, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात एकाच जागी मिळाले. हे जहाज पोर्तुगीज व्यापारातले, १७व्या शतकाच्या सुरुवातीचे ठरले. (ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचे नाव मराठीत बरणीलाच चिकटले, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट.) यातले एकच चिनी खापर कोणी उचलून घरी नेले असते तर ते 'मिंग काळातले' एवढेच म्हणता आले असते. पाणघोड्याच्या दातांशेजारी सापडल्यामुळे तेच खापर चीन, आफ्रिका आणि गोवा यांना जोडणाऱ्या व्यापाराचा पुरावा झाले. खापर कुठे आणि कशासोबत मिळाले, हे खापराइतकेच जपायचे असते ते यासाठी.

घरातले भांडे पाहताना

कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा फडताळात निळी नक्षी असलेल्या थाळ्या सापडतात. अनेक घरांतले पुरुष मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर खलाशी होते आणि परतताना अशा वस्तू आणत. यातल्या बहुतेक वस्तू जुन्या चिनी नसतात. लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्यांना 'चिनीमातीच्या' म्हणतात, पण त्या जाड दगडी मातीच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच विसाव्या शतकातल्या भारतीय कारखान्यांतल्या. पूल, त्यावर तीन माणसे, एक झुकलेले झाड आणि वर दोन पक्षी, असे चित्र असलेली थाळी चिनी वाटते. ते 'विलो' चित्र मात्र १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाले आणि छापून सर्वत्र गेले. हॉलंडमधल्या मास्ट्रिक्टच्या कारखान्यांचा मालही आशियात भरपूर विकला गेला. त्या भांड्यांच्या बुडावर कारखान्याचे नाव छापलेले असते.

छापील आणि हाताने काढलेली नक्षी ओळखायला साधे भिंग पुरते. छापील नक्षीत रेषा एकसारख्या असतात किंवा बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात. काठाच्या पट्टीत कुठेतरी कागद जुळवल्याचा सांधाही सापडतो. कुंचल्याच्या कामात आधी गडद रेघ असते आणि आत फिका निळा भरलेला असतो. एका फटकाऱ्यावर दुसरा फटकारा गेला की तिथला निळा दाट होतो. एकाच थाळीवरची दोन फुले कधी तंतोतंत सारखी नसतात.

यानंतर भांडे उलटे करावे. जाणकार चित्राआधी बूड पाहतात आणि तोच क्रम बरोबर आहे. भांडे ज्या गोल कडीवर उभे राहते तिच्या टोकावर झिलई नसते, कारण झिलई असती तर भट्टीत ते खालच्या आधाराला चिकटले असते. या उघड्या कडीवर बोट फिरवावे. जिंगदेझेनच्या चांगल्या मालात ती गुळगुळीत आणि बारीक पोताची लागते. झिलई संपते तिथे बऱ्याचदा केसाएवढी नारिंगी रेघ दिसते. कडीला जाड वाळूचे कण पक्के चिकटलेले असतील तर ते भांडे फुजियान किनाऱ्याकडच्या झांगझोउ भागातले असू शकते. तिथे भट्टीत वाळूवर भांडी ठेवत. मिंग सम्राट वान्ली याच्या काळातल्या (१५७३ ते १६२०) निर्यातीच्या पातळ थाळ्यांच्या बुडावर चाकाच्या आऱ्यांसारख्या फिकट रेघा असतात. त्या हत्यार थरथरल्याच्या खुणा आहेत. काठावर मध्येच झिलई उडून कीड लागल्यासारखी जागा दिसते. अशा थाळीचे काठ कप्प्या-कप्प्यांत विभागलेले आणि मधोमध हरिण, पक्षी किंवा खडक-फुले असतात. या मालाला 'क्राक' म्हणतात. १६०३मध्ये डचांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज सिंगापूरजवळ पकडले आणि त्यातला माल १६०४मध्ये ॲमस्टरडॅमला विकला. तेव्हापासून युरोपात या थाळ्यांची ओढ लागली.

तुटलेल्या कडेतून सर्वांत जास्त कळते. खरे चिनी भांडे तुटले की आतला भाग पांढरा, चमकदार, साखरेच्या खड्यासारखा दिसतो. झिलई आणि माती यांच्यामध्ये स्पष्ट सीमा नसते. विलायती स्वस्त मालाची कड मऊ, खडूसारखी असते आणि जिभेला लावली तर चिकटते. पातळ भांडे टॉर्चसमोर धरले की बोटांची सावली पलीकडून दिसते. जाड, प्रांतिक वाडग्यातून उजेड येत नाही. तेवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. टिचकी मारली की धड भांडे खणखणते, चीर गेलेले भद्द वाजते. टिचकी हलकी हवी आणि भांडे गादीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेले हवे.

बुडावरच्या चिनी अक्षरांवर फार भिस्त ठेवू नये. मिंग सम्राट चेंगह्वा याचे नाव शतकानुशतके नंतरच्या भांड्यांवरही घातले गेले. त्यात फसवणुकीपेक्षा पूर्वसुरींचा मान अधिक होता. रोमन लिपीत 'चायना' हा शब्द असेल तर भांडे बहुधा १८९१नंतरचे असते, कारण त्या सुमाराला अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले.

समुद्रातून आलेले भांडे

समुद्राने भांड्यावर आपल्या खुणा ठेवलेल्या असतात. वाळूत लोळलेल्या बाजूची झिलई मंद, दुधट होते. गाळात रुतलेली बाजू चकचकीत राहते. एकाच थाळीचा अर्धा भाग झगझगीत आणि अर्धा निस्तेज असणे हे बुडालेल्या मालात नेहमीचे आहे. कालवांचे कवच, किड्यांच्या बारीक पांढऱ्या नळ्या, शेजारच्या लोखंडी खिळ्याचा तांबूस डाग या खुणाही आढळतात. बाजारात नव्या भांड्यांना शिंपले चिकटवून 'जहाजातला माल' म्हणून विकतात. खऱ्या कवचाचा तळ भांड्याच्या प्रत्येक उंचसखल भागाला घट्ट बिलगून वाढलेला असतो आणि नळ्या खाचाखोचांतून वळत गेलेल्या असतात. चिकटवलेल्या शिंपल्याखाली डिंकाची कड दिसते. अतिनील दिव्याखाली बहुतेक आधुनिक गोंद चमकतात. एका विशिष्ट लिलावाचे गोल लेबल बुडावर आहे म्हणून वस्तू त्याच जहाजातली, असे मानू नये. लेबल एका थाळीवरून दुसरीवर सहज जाते. मूळ पावती, लिलावातला क्रमांक आणि छायाचित्र तिन्ही जुळली पाहिजेत.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात आता बुडी मारणारे पुष्कळ आहेत आणि जाळ्यात खापर येणेही अशक्य नाही. पाण्याखाली एखादे भांडे किंवा खापरांचा ढीग दिसला तर हात लावू नये. फोटो घ्यावा, शेजारी काय आहे तेही फोटोत यावे, म्हणून दूरचा आणि जवळचा असे दोन फोटो घ्यावेत. जीपीएसवरून जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवावी. जाळ्यात आपोआप आलेली वस्तू परत फेकू नये. जाळे कुठून कुठे ओढले तेवढे लिहून ती ओली ठेवावी. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर आलेले खापर मूळ जागेवरून हललेले असते. तरी कोणत्या पुळणीवर आणि कोणत्या महिन्यात सापडले, हे लिहून ठेवण्याला अर्थ आहे, कारण दरवर्षी त्याच जागी खापरे येत असतील तर समोर काहीतरी आहे असा त्याचा अर्थ होतो. केरळात कोल्लम बंदरात २०१४मध्ये गाळ उपसताना चिनी नाणी आणि भांड्यांची खापरे मोठ्या संख्येने वर आली. ड्रेजरने थर ढवळून टाकल्यामुळे कोणती वस्तू कोणत्या थरातली, हे सांगण्याची सोय राहिली नाही.

ओले ठेवण्याचे कारण मीठ. समुद्राचे पाणी झिलईच्या बारीक भेगांतून आणि उघड्या कडीतून आत गेलेले असते. भांडे उन्हात वाळले की आतल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि झिलईला आतून ढकलतात. महिन्याभराने झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. घट्ट भाजलेल्या चिनी भांड्याला हा धोका कमी, सोबत मिळालेल्या मातीच्या रांजणांना फार जास्त. म्हणून वस्तू प्लॅस्टिकच्या बादलीत, सापडली त्याच समुद्राच्या पाण्यात ठेवावी. मग त्यात थोडे-थोडे गोडे पाणी मिसळत जावे, पुढे पूर्ण गोडे पाणी आणि शेवटी शुद्ध, क्षार काढलेले पाणी. पाणी नियमित बदलावे. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून किंवा पाण्याची विद्युतवाहकता मोजून मीठ निघाले की नाही ते ठरवतात. घरी असे मोजमाप शक्य नसते. त्यामुळे मूल्यवान वाटणाऱ्या वस्तूचे हे काम तज्ज्ञांकडे द्यावे आणि तोवर ती फक्त ओली ठेवावी. वाळवायची झाली तर सावलीत, सावकाश.

ॲसिड, संडास धुण्याचे द्रावण, ब्लीच किंवा तारेची घासणी कधीही वापरू नये. ॲसिडने शिंपला विरघळतो, पण झिलईलाही बारीक खड्डे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. मऊ ब्रश, पाणी आणि संयम एवढ्यावर भागवावे. कवच निघत नसेल तर तसेच राहू द्यावे, तोही पुरावा आहे. तुकडे घरच्या घरी झटपट गोंदाने जोडण्याचा मोह अनेकांना होतो. चुकीचा एक सांधा पडला की पुढचे सगळे तुकडे अर्ध्या मिलिमीटरने सरकतात आणि शेवटचा बसतच नाही. संग्रहालयांत पुन्हा सोडवता येणारे पॅरालॉइड बी-७२सारखे चिकटद्रव्य वापरतात.

कायदा आणि कळवायची ठिकाणे

१८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. विहीर खणताना, पाया घेताना किंवा जुनी जोती उकरताना निघालेले भांडे याच कायद्याखाली येते. वैभववाडीकरांनी तहसीलदारांमार्फत ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. फुटलेल्या जहाजातल्या वस्तूंसाठी नौवहन कायद्यात वेगळा अधिकारी नेमलेला असतो. सापडलेली वस्तू त्याला कळवणे बंधनकारक आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. तिथून खापराचा तुकडाही उचलू नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७चे आहे, तिथे वन खात्याचे निर्बंधही लागू होतात.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, मग ती चीनमध्ये घडलेली असली तरी. ती घरात वापरायला हरकत नाही, पण तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा दुबईत किंवा न्यू जर्सीत आहे म्हणून आजीची थाळी बॅगेत घालून पाठवणे हा गुन्हा होऊ शकतो. वस्तू तितकी जुनी नाही अशी खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

जाणकारांचे मत हवे असेल तर राज्य पुरातत्त्व संचालनालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि समुद्राशी संबंध असेल तर दोनापावल्याची समुद्रविज्ञान संस्था ही योग्य ठिकाणे आहेत. तुलनेसाठी खरी भांडी पाहायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी तिथे आहेत. पुस्तकातल्या शंभर फोटोंनी जे कळत नाही ते तिथल्या एका कपाटासमोर पाऊण तास उभे राहिल्यावर कळते.

घरी ठेवायच्या वस्तूची नोंदही नीट असावी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा. तो चित्रावर न लिहिता आतल्या किंवा बुडाच्या बाजूला, आधी पारदर्शक लाखेचा बारीक पट्टा देऊन त्यावर शाईने लिहावा, म्हणजे पुसायचा झाला तर पुसता येतो. वहीत त्या क्रमांकापुढे वस्तू कोणाकडून आली, त्या व्यक्तीला ती कुठे मिळाली, किती साली आणि तिच्यासोबत आणखी काय होते, हे लिहावे. आजोबा कोणत्या बोटीवर होते, थाळी मुंबईत घेतली की सिंगापुरात, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर ही नोंद त्याच्याच शब्दांत घ्यावी आणि खाली तारीख टाकावी.